पावणेदोन सेकंद आणि वरचे १४६ आकडे

सॉनिक पाय नावाच्या संगणक-प्रणालीत ड्रमवादनाचा एक छोटासा तुकडा आधीपासून भरून ठेवलेला असतो. त्याचं नाव ‘लूप आमेन’. पडद्यावर ‘सॅम्पल’ असा शब्द लिहायचा, पुढे तुकड्याचं नाव लिहायचं आणि ‘रन’चं बटण दाबायचं. तुकडा वाजतो आणि संपतो. तो किती वेळ वाजला, असं प्रणालीलाच विचारलं तर उत्तर येतं : १.७५३३१०६५७५९६३७२ सेकंद.

एवढे दशांश पाहून पहिल्यांदा मी बिचकले होते. मग एक साधा गुणाकार केला. संगणकातला आवाज म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग. हवेचा दाब क्षणोक्षणी किती होता हे मोजून लिहून ठेवायचं, सेकंदाला ४४,१०० वेळा. त्या अवघड संख्येला ४४,१०० ने गुणलं की बरोबर ७७,३२१ येतात. म्हणजे त्या सगळ्या दशांशांचा अर्थ इतकाच, की तुकड्यात ७७,३२१ आकडे आहेत. नेमक्या पावणेदोन सेकंदांत ७७,१७५ मावले असते. वर उरले १४६. बोलताना आपण सहज ‘पावणेदोन सेकंदांचा तुकडा’ म्हणून जातो, पण ध्वनिमुद्रित आवाज गोल फिरवत ठेवायचा असेल तर त्या १४६ आकड्यांकडे काणाडोळा करून चालत नाही. का, ते सांगण्यासाठी हे प्रकरण आहे.

आधी हा तुकडा कुणाचा, ते सांगायला हवं. १९६९ साली ‘द विन्स्टन्स’ या अमेरिकी वाद्यवृंदाची एक तबकडी निघाली. तिच्या एका बाजूला ‘कलर हिम फादर’ हे गाणं होतं. ते गाजलं, त्याला ग्रॅमी मिळालं. उलट्या बाजूला ‘आमेन, ब्रदर’ नावाची वाद्यरचना होती. तिच्या मध्यावर बाकीची सगळी वाद्यं गप्प होतात आणि ड्रमवादक ग्रेगरी कोलमन सुमारे सात सेकंद एकटे वाजवतात. चार चार ठोक्यांचे चार खंड. पहिले दोन सरळ जातात. तिसऱ्यात एक ठोका जरा मागे रेंगाळतो. चौथ्यात तर पहिली मात्राच कोलमन मोकळी सोडतात. ज्या जागी आपला कान ‘आता येणार’ म्हणून टवकारलेला असतो, तिथे काहीच येत नाही, आणि मग झांज वेळेआधीच कोसळते. ऐंशीच्या दशकात न्यूयॉर्कच्या हिप-हॉप कलाकारांनी आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या जंगल संगीतकारांनी हे सात सेकंद उचलले, कापले, पळवले, उलटे केले. जगात सर्वाधिक वेळा वापरल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणांत त्यांची गणना होते. कोलमन यांना त्यातून काहीही मिळालं नाही. २००६ साली ते वारले तेव्हा त्यांना राहायला घरही नव्हतं. वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी २०१५ साली चाहत्यांनी सुमारे २४,००० पौंड जमवून दिले. कोलमन यांच्यासाठी तेव्हा फार उशीर झाला होता. सॉनिक पायमधला लूप आमेन म्हणजे त्या वादनातला फक्त एक खंड आहे. तो वाजवताना दर वेळी मला कोलमन यांचे हात आठवतात, आणि आठवावेत असंच वाटतं.

सॉनिक पाय ही सॅम ॲरन यांची निर्मिती. २०१२ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत, रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या स्वस्त संगणकासाठी, शाळकरी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं म्हणून त्यांनी ती लिहायला घेतली. संगीताच्या मंचावर ती पुढे स्थिरावली. तिथल्या अशा सादरीकरणाला ‘लाइव्ह कोडिंग’ म्हणतात : कलाकार श्रोत्यांसमोर बसून प्रोग्रॅम लिहितो, तो चालू असतानाच बदलतो, आणि त्याच्या पडद्यावरचं सगळं मागच्या भिंतीवर मोठं करून दाखवलं जातं. लपवाछपवी नाही. चुकलेली ओळही श्रोत्यांना दिसते. २००४ मध्ये हॅम्बुर्गला लाइव्ह कोडिंग करणाऱ्या मंडळींनी ‘टॉपलॅप’ नावाची संघटना बांधली, आणि २०१२ पासून अशा प्रोग्रॅमवर लोक नाचायला येऊ लागले. त्या मैफलींचं नाव ‘अल्गोरेव्ह’.

आवाज गोल फिरवत ठेवण्याची कल्पना मात्र संगणकाहून बरीच जुनी आहे. १९४८ साली पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी बातिन्योल स्थानकावर आगगाडीच्या इंजिनांचे आवाज मुद्रित केले आणि त्यांतून रचना उभी केली. तेव्हा मुद्रण तबकडीवर व्हायचं. तबकडीची खाच एरवी मळसूत्रासारखी आत आत सरकत जाते. शेफर यांनी ती एका फेऱ्यातच स्वतःला मिळू दिली. सुई त्या बंद खाचेत पडली की बाहेर निघेना, तोच आवाज पुन्हा पुन्हा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर असा एक फेरा जेमतेम पाऊण सेकंदाचा. त्यानंतर टेपचं युग आलं. फितीचा तुकडा कापायचा, दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची आणि ते कडं यंत्रावर फिरत ठेवायचं.

खाच काय किंवा फितीचं कडं काय, तिथे आवाज स्वतःच गोल असतो. एकदा सोडला की तो आपला आपण फिरतो. सॉनिक पायमध्ये तसं नसतं, आणि मला या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. इथे ध्वनिमुद्रण सरळच राहतं, त्याला सुरुवात असते आणि शेवट असतो. गोल फिरतो तो प्रोग्रॅम, आणि प्रत्येक फेरीला तो आवाजाला नव्याने हाक मारतो. ‘लाइव्ह लूप’ असं लिहून एक चौकट उघडायची, तिला नाव द्यायचं, आत दोन ओळी लिहायच्या : हे सॅम्पल वाजव, आणि इतका वेळ थांब. चौकट बंद करायची. प्रोग्रॅम शेवटाला पोचला की पुन्हा वर जातो.

‘थांब’ ही ओळ नवशिके हमखास विसरतात. मीही विसरले होते. आपल्याला वाटतं, सॅम्पल वाजून संपेल आणि मगच पुढची ओळ येईल. पण सॅम्पलची आज्ञा म्हणजे निव्वळ हाक. हाक मारून प्रोग्रॅम लगेच पुढे निघतो, आवाज वाजून होईस्तोवर दारात उभा राहत नाही. थांबायला सांगितलंच नाही तर एकाच क्षणात अगणित हाका जातील. म्हणून सॉनिक पाय असा लूप बंद करते आणि लूप झोपलाच नाही, अशी तक्रार पडद्यावर दाखवते. या प्रणालीत थांबण्याच्या आज्ञेला ‘स्लीप’ म्हणतात. झोप किती घ्यायची, हा प्रश्न आला की ते १४६ आकडे पुढ्यात येतात.

समजा, मी लूप आमेन वाजवायला सांगितलं आणि खाली लिहिलं, १.७५ सेकंद थांब. एकट्याने ऐकलं तर काहीच बिघडलेलं वाटत नाही. आधीच्या फेरीची शेपटी पुढच्या फेरीच्या तोंडावर सेकंदाच्या तीन-सहस्रांश भागाइतकी चढते, ते कानाला कळतही नाही. आता शेजारी दुसरा लूप सुरू करायचा, तोच तुकडा, पण यात थांबायचं ते पूर्ण लांबीइतकं. दोघांतलं अंतर दर फेरीला ०.००३३ सेकंदाने वाढत जातं. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत ड्रमचा आवाज नुसता जाडसर होतो, डब्यात वाजवल्यासारखा. दहाव्या फेरीच्या आसपास प्रत्येक ठोक्याला सावली फुटते. पुढे एकाचे दोन ठोके स्पष्ट सुटे होतात, आणि १३२ फेऱ्यांनंतर, म्हणजे पावणेचार मिनिटं उलटून गेल्यावर, एक लूप दुसऱ्याच्या जवळजवळ एक मात्रा पुढे गेलेला असतो. १४६ आकड्यांचं हे देणं.

अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राइश यांनी १९६५ साली याच देण्यातून एक अख्खी रचना उभी केली. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये एक धर्मोपदेशक जलप्रलयाची गोष्ट सांगत होता, त्याचं बोलणं राइश यांनी मुद्रित केलं होतं. त्यातल्या एकाच लहानशा वाक्याची दोन सारखी कडी त्यांनी दोन यंत्रांवर लावली. यंत्रं वरवर सारखी असली तरी त्यांचे वेग केसभर वेगळे होते. दोन्ही आवाज एकमेकांपासून सावकाश सरकत गेले आणि ऐकताना मधेच असे शब्द, असे ठेके उमटू लागले, जे त्या माणसाने उच्चारलेलेच नव्हते. राइश यांना यंत्रांच्या स्वभावावर विसंबावं लागलं. लाइव्ह कोडिंगमध्ये हा सरकता फरक आकड्यात लिहिता येतो : दर फेरीला इतका, यापेक्षा कमी नाही, जास्त नाही. विद्यार्थ्यांना मी हाच प्रयोग सर्वांत आधी करायला लावते. एक आकडा चुकवून पाहिल्याशिवाय काळ हा पदार्थ हाताला लागत नाही.

सरकणं नको असेल तेव्हा काय करायचं? ध्वनिमुद्रणाला स्वतःचा काळ असतो, वाजवणाऱ्याच्या हाताने ठरवलेला. प्रोग्रॅमला त्याचा काळ असतो, मिनिटाला इतक्या मात्रा. दोघांपैकी कुणीतरी नमतं घ्यायला हवं.

प्रोग्रॅमने नमतं घेणं सोपं. ‘थांब’च्या पुढे आकडा लिहायचाच नाही, ‘या सॅम्पलची जेवढी लांबी तेवढा वेळ’ असं लिहायचं. मग लय कोलमन यांची राहते, मिनिटाला सुमारे १३७ मात्रा, आणि बाकी सगळं त्यांच्या मागून चालतं. ध्वनिमुद्रण एकच असेल तर हाच मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

दोन वेगवेगळ्या लयींची ध्वनिमुद्रणं आली की तो पुरत नाही. तेव्हा ध्वनिमुद्रणाला नमवावं लागतं. सॉनिक पायमध्ये ‘बीट स्ट्रेच’ असा शब्द आहे. त्यापुढे चार लिहिलं की तुकडा चार मात्रांत बसवला जातो, मग मात्रा कितीही लांब असो. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर चार मात्रांचे दोन सेकंद होतात, आणि पावणेदोन सेकंदांचा ऐवज दोन सेकंदांत पसरायचा तर तो मूळच्या सुमारे ०.८८ पट वेगाने, म्हणजे सावकाश, वाजवावा लागतो. इथे किंमत मोजावी लागते, कारण सावकाश वाजवलेला आवाज खालीही उतरतो. हिशेब केला तर उतार सुमारे सव्वादोन अर्धस्वरांचा येतो, म्हणजे काळी दोनचा सूर काळी एकच्याही किंचित खाली जातो. ड्रमला हे पुष्कळदा शोभतं, चामडं ढिलं केल्यासारखा भरीव आवाज मिळतो. पण गळ्याला शोभत नाही. गाणारी बाई अचानक झोपेतून उठून गाते आहे असं वाटतं. पट्टी न बदलता लय बदलण्याच्याही युक्त्या आहेत. त्यांत आवाजाचे कणाकणाएवढे भाग करून ते एकमेकांवर चढवत पसरतात. स्वर जागेवर राहतो, ठोक्याची धार मात्र जाते, आणि तबला दाट धुक्यातून वाजल्यासारखा येतो. ठोक्याच्या वाद्यांना ही युक्ती लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता राहिला कापण्याचा मार्ग, आणि खरी मजा त्यातच आहे. पूर्ण तुकड्याला एकदा हाक मारण्याऐवजी त्याचे आठ भाग करायचे आणि प्रत्येक भागाला त्याच्या त्याच्या मात्रेवर हाक मारायची. लय बदलली तर भागांमधलं अंतर कमी-जास्त होतं, पण प्रत्येक ठोका आपल्या मूळ पट्टीत, मूळ धारेने वाजतो. जंगल संगीतकार अकाईसारख्या सॅम्पलर यंत्रांवर हेच काम तासन् तास बसून करत, लहानशा पडद्यावर प्रत्येक भागाची सुरुवात नि शेवट हाताने शोधून. सॉनिक पायमध्ये ‘स्लाइस’ असं लिहून भागाचा क्रमांक दिला की झालं. आठ भाग केले तर लूप आमेनचा एक भाग सुमारे ०.२२ सेकंदाचा होतो. याहून हुशार शब्द आहे ‘ऑनसेट’. तो समान भाग करत बसत नाही, आवाजात ठोका कुठे उठतो ते शोधतो आणि तिथे कापतो. माणसाने वाजवलेले ठोके कधीच समान अंतरावर नसतात. समान भाग केले की कुठे ठोक्याचं तोंड कापलं जातं, कुठे मागच्या ठोक्याचं शेपूट लागून येतं. ऑनसेट वादकाच्या हाताचा मान ठेवतो.

भाग सुटे झाले की प्रत्येक फेरीची हाक वेगळी करता येते. पहिले सात भाग क्रमाने आणि आठव्याच्या जागी कुठलाही एक. किंवा तिसऱ्याच्या जागी पुन्हा दुसराच. सुरुवातीचा बिंदू शेवटाच्या पुढे दिला तर तेवढा भाग उलटा वाजतो. हे सगळं लूप चालू असताना करायचं. ओळ बदलली, रन दाबलं, तरी आवाजात लगेच काही होत नाही. चालू फेरी जुन्या शब्दांनिशी पूर्ण होते आणि नवी फेरी नव्या शब्दांनिशी सुरू होते. तबल्याच्या साथीला लेहरा धरून बसलेला हार्मोनियमवादक ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही वाट पाहणं ओळखीचं वाटेल. मध्ये कितीही उलथापालथ होवो, बदल समेवर येतो. सॉनिक पायमधला प्रत्येक लाइव्ह लूप फेरीच्या आरंभी स्वतःच्या नावाची खूण देतो आणि दुसरा लूप त्या खुणेची वाट पाहत थांबू शकतो. मंचावर मी एक लूप असा ठेवते, जो काहीच वाजवत नाही, नुसती सम दाखवतो.

कापताना एक दोष हटकून येतो, तो म्हणजे ‘टिक्’ असा बारीक आवाज. कारण साधं आहे. आवाजाची लाट शून्याच्या वर-खाली हेलकावत असते. ती वर असताना कापली आणि पुढचा तुकडा खालून सुरू झाला, तर आकड्यांच्या रांगेत अचानक कडा पडतो. स्पीकरमधून तो कडा टिक् असा बाहेर येतो. उपाय दोन. लाट शून्यातून जाते तिथे कापावं, नाहीतर तुकड्याच्या दोन्ही टोकांना काही सहस्रांश सेकंदांचा उतार द्यावा. फार लांब उतार दिला तर ठोक्याची धार जाते, फार आखूड दिला तर टिक् राहतो. हे कानानेच ठरवावं लागतं. दुसरा दोष जास्त चिवट. मोठ्या खोलीत मुद्रित केलेल्या आवाजाला घुमार असतो. तो घुमार विरण्याआधी तुकडा कापला तर प्रत्येक फेरीच्या शेवटी खोलीचा श्वास अडकल्यासारखा वाटतो. त्याला उतार पुरत नाही. मुद्रण करतानाच शेवटी थोडी शांतता जास्तीची घ्यायची आणि फेरीची लांबी सॅम्पलच्या लांबीहून कमी ठेवायची, म्हणजे जुन्या फेरीचा घुमार नव्या फेरीच्या आरंभाखाली विरून जातो. हाका सुट्या असल्याचा हा फायदा. फितीच्या कड्यात एकाच वेळी दोन फेऱ्या वाजू शकत नाहीत.

सॉनिक पायची सख्खी शेजारीण म्हणजे टायडल सायकल्स. ॲलेक्स मॅकलीन यांनी इंग्लंडमध्ये ती घडवली. टायडलमध्ये ‘थांब’ हा शब्दच नाही. तिथे एक चक्र सतत फिरत असतं, आपण काही न वाजवता बसलो तरी. सुरुवातीला त्याचा वेग सेकंदाला ०.५६२५ चक्र असतो, म्हणजे एक चक्र सुमारे १.७८ सेकंदांचं. जे काही लिहायचं ते त्या चक्रात वाटलं जातं. अवतरणचिन्हांत चार शब्द लिहिले तर प्रत्येकाला पाव चक्र मिळतं. आठ लिहिले तरी चक्र तेवढंच, शब्द आपोआप दुगुनीत. एका मात्रेत दोन बोल हवे असतील तर ते चौकटी कंसात घालायचे. लांब ध्वनिमुद्रणासाठी ‘लूप ॲट’ आहे : हे दोन चक्रांत बसव, हे चारांत. पण त्याआधी ‘चॉप’ लिहून तुकडे करून घेणं शहाणपणाचं. लांब सॅम्पलला एकच हाक मारली तर ती वाजून संपेपर्यंत आपला बदल ताटकळतो. सोळा तुकडे केले तर सोळा हाका होतात आणि बदल पुढच्याच तुकड्याला लागू पडतो.

ही लिपी तबला लिहून घेणाऱ्या कुणालाही परकी वाटणार नाही, आणि त्यामागे खरंच एक दुवा आहे. ऐंशीच्या दशकात जेम्स किपेन हे संगीत-अभ्यासक लखनौ घराण्याचे खलिफा उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे शिकत होते. कायदे आणि त्यांचे पलटे कोणत्या नियमांनी बनतात हे तपासायला त्यांचे फ्रेंच सहकारी बर्नार्ड बेल यांनी ‘बोल प्रोसेसर’ नावाची प्रणाली लिहिली. ती ॲपलच्या सुटसुटीत संगणकावर चालायची. संगणक बोल रचायचा आणि ते बरोबर की चूक हे उस्ताद सांगायचे. त्या प्रणालीतल्या लेखनपद्धतीचा प्रभाव टायडलच्या लिपीवर आहे, हे मॅकलीन यांनी स्वतः नोंदवून ठेवलं आहे.

हेच बर्नार्ड बेल पुढे नव्वदच्या दशकात पुण्याच्या एका कामात आले. हेमा राईरकर आणि गी पोयटवाँ गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा करत होते. हजाराहून अधिक गावं, एक लाखाहून अधिक ओव्या. बेल यांनी त्या ओव्यांची संगणकीय सूची उभारली आणि १२० तासांहून जास्त ध्वनिमुद्रण केलं. तो ठेवा आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहावर ऐकायला मिळतो, आणि ओवीखाली गाणारीचं नाव असतं, गाव असतं. कोलमन यांच्या सात सेकंदांसोबत त्यांचं नाव दशकानुदशकं पोचलं नाही. इथे ओवी आणि नाव एकत्र ठेवण्याची काळजी सुरुवातीपासून घेतली गेली. ध्वनिमुद्रण हाताळणाऱ्या प्रत्येकाने हे दोन्ही इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहावेत असं मला मनापासून वाटतं.

त्या ओव्या ऐकून मीही आजोळी जाऊन मामीचं जातं मुद्रित केलं. गाणं घेतलं नाही, नुसता दगडाचा आवाज घेतला. संगणकावर पाहिलं तर कुठलीही फेरी दुसरीइतकी लांब नव्हती. खुंटा आपल्याकडे ओढताना दगड पळायचा, पुढे ढकलताना रेंगाळायचा, वैरण पडली की जडावायचा. मी सर्वांत स्वच्छ फेरी निवडली, शून्यातून जाणाऱ्या दोन जागी कापली, टोकांना उतार दिला, लांबीइतकं थांबवलं. सांधा शोधूनही सापडेना असा लूप तयार झाला. दिवाळीत मामीला ऐकवला.

तिने थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, “यात वैरण कुठं पडतीय गं? रिकामं जातं फिरवू नये. दगड दगडाला खातो.”

मी परत मूळ मुद्रणाकडे गेले. मला नको वाटलेल्या, जडावलेल्या फेऱ्या शोधल्या, ज्यांत धान्य आत गेल्यावर आवाज दबतो आणि मग हळूहळू मोकळा होतो. त्या कापून वेगळ्या ठेवल्या. प्रत्येकीची लांबी निराळी, म्हणून ‘थांब’पुढे ठरावीक आकडा न लिहिता जी फेरी निवडली जाईल तिचीच लांबी घे, असं लिहिलं. पाच स्वच्छ फेऱ्यांनंतर एक वैरणीची, असं गणित घातलं. मामी मांडी घालून ऐकत बसली आणि बोटांवर मोजायला लागली. तिसऱ्यांदा वैरण पडली तेव्हा म्हणाली, “अशी मोजून नाही टाकत आम्ही. हाताला कळतं.”

ते गणित मी काढून टाकलं. आता त्या लूपमध्ये वैरणीची ओळ लिहिलेली असते, पण बंद करून ठेवलेली. स्वच्छ फेऱ्या चालू असतात. कानाला दगड हलका वाटायला लागला की मी ती ओळ उघडते, रन दाबते आणि चालू फेरी पुरी व्हायची वाट पाहते. पुढच्या हाकेला आवाज जडावतो. मग ओळ पुन्हा बंद करते.